काचेवरचा तपकिरी थर: माशांची टाकी, काळा कातळ आणि एक जुना प्रयोग

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे अं-अं आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आपल्या पॉडकास्टवर किल्ले येतात, लढाया येतात, वतनांची भांडणं येतात. आज माशांची टाकी आलीय. कारण आपल्या धाराशिव जिल्ह्यातून, म्हणजे तुळजापूर, उमरगा, कळंबकडून, एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. टाकीच्या काचेवर, खड्यांवर, प्लास्टिकच्या झाडावर तपकिरी धूळ बसल्यासारखा थर येतो. बोट फिरवलं की निघतो. चार दिवसांनी परत हजर. मग रविवारी मासे बादलीत काढायचे, टाकी गच्चीवर न्यायची, मिठाने घासायची, उन्हात वाळवायची, नवं पाणी भरायचं. पंधरा दिवसांत जैसे थे. दुकानात विचारलं की एक बाटली मिळते. आणि घरात आजी विचारते, "टँकरचं पाणी माशाला ओतायलास व्हय रे?"

आजीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, जिथून जवळच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे माशांची टाकी ठेवावी का, हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाहीये. त्याचं उत्तर मला या तपकिरी थराच्या इतिहासातच सापडलं, म्हणून हा भाग.

आधी नावाचा घोळ मिटवू. या थराला सगळे 'ब्राऊन अल्गी', तपकिरी शेवाळ म्हणतात. शास्त्रात ज्यांना तपकिरी शैवाल म्हणतात ती मंडळी जवळपास सगळी समुद्रात राहतात, आणि त्यातली काही झाडाएवढी लांब वाढतात. आपल्या टाकीतला थर त्या कुळातला नव्हे. तो डायटमचा. डायटम म्हणजे एकाच पेशीचा जीव, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याचं वैशिष्ट्य असं की तो स्वतःभोवती काचेचं घर बांधतो. अगदी शब्दशः काचेचं. कुंकवाच्या करंड्याला जसं खालचं भांडं आणि वर बसणारं झाकण असतं, तशी दोन अर्धकं एकमेकांत बसलेली. हे घर सिलिकाचं, म्हणजे ज्या पदार्थाची गारगोटी असते त्याच पदार्थाचं. हिरव्या शेवाळाला सिलिका लागत नाही. डायटमला लागतेच. पाण्यात विरघळलेली सिलिका संपली की डायटमचं बांधकाम बंद.

एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

डायटम पहिल्यांदा कागदावर आला तो १७०३ मध्ये. इंग्लंडमधल्या खेड्यात राहणाऱ्या कुणा गृहस्थाने डबक्यातल्या पाणवनस्पतीची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्याला मुळांना चिकटलेले नेमके चौकोन आणि आयत दिसले. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, त्यांनी छापलं. गृहस्थाचं नाव मात्र छापलं नाही, त्यामुळे डायटमचा पहिला साक्षीदार आजही निनावी आहे. निसर्गात इतके सरळ कोपरे कुणाला अपेक्षित नव्हते. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हा प्राणी की वनस्पती, यावर वाद चालला. कारण त्यातले काही चक्क सरकतात. जर्मनीच्या एरेनबर्गने १८३८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांना प्राण्यांतच बसवलं होतं, पोटाबिटासकट! सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे हे जीव आहेत, हे सगळ्यांच्या गळी उतरायला बराच वेळ गेला. आज आपल्याला माहीत आहे की पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या ऑक्सिजनचा अंदाजे पाचवा हिस्सा यांच्याकडून येतो. म्हणजे काचेवरून आपण जे घासून काढतो, ते एका अर्थी आपल्या दर पाचव्या श्वासाचं खातं.

डायटम मेला की आतला जीव कुजतो, घर उरतं. लाखो वर्षं तळ्यांच्या तळाशी अशी घरं साचली की त्यांची पांढरी, हलकी, पिठासारखी माती होते. अशीच माती उत्तर जर्मनीत मिळायची. आल्फ्रेड नोबेलला धक्का लागताच उडणारं नायट्रोग्लिसरीन शोषून घेणारं काहीतरी हवं होतं. ही माती स्पंजसारखी पोकळ. त्यातून १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट झालं. पुढे नोबेलनेच मातीऐवजी दुसरं मिश्रण काढलं, जेलीसारखं. आपल्याकडे विहिरीचा कातळ फोडणारे आजही 'जिलेटिनच्या कांड्या' म्हणतात ना, तो शब्द त्या दुसऱ्या मिश्रणाचा. म्हणजे कातळ फोडायच्या धंद्यात डायटमने थोडा काळ नोकरी केली आणि मग सुटला. पण त्याचं आणि कातळाचं नातं त्याहून फार जुनं आहे. तिथे आपला जिल्हा येतो.

आपण ज्याच्यावर उभे आहोत तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार तयार झालं. हा थर आपल्याकडे किती जाड आहे, याचं उत्तर एका वाईट रात्रीनंतर मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आपल्या वयाच्या लोकांनी तो पाहिलेला नाही, पण लोहारा-उमरगा भागात ज्याच्या घरी तो विषय निघाला आणि कुणी गप्प झालं नाही, असं घर मिळणं अवघड. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट, मग गाळाचा एक पातळ थर, आणि त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. तीनशे अडतीस मीटर, म्हणजे शंभर मजली इमारतीएवढा काळा कातळ.

या कातळाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग सिलिका. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, आणि खडकाला हळूहळू खातं. आपली काळी माती अशीच तयार झाली, आणि ती होताना खडकातली थोडी सिलिका पाण्यात विरघळून निघत राहिली. निघतेय अजून. नांगरलेल्या रानात सापडणाऱ्या गारगोट्या आठवा. लहानपणी अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायच्या त्या. लाव्ह्यातले बुडबुडे रिकामे राहिले, त्यात सिलिकाचं पाणी झिरपलं आणि तिथेच थिजलं, त्या ह्या. थोडक्यात, आपलं पाणी सिलिका वाहून नेतं याचा पुरावा रानोमाळ पडलेला आहे. बेसाल्टच्या प्रदेशातल्या नद्यांत आणि भूजलात विरघळलेली सिलिका जगाच्या सरासरीपेक्षा जास्त असते, ती यामुळे. आणि पाणी खडकाच्या संगतीत जितका जास्त काळ राहील तितकी ती साधारण वाढते. म्हणून आडापेक्षा खोल बोअरच्या पाण्यात तिची शक्यता जास्त.

आता बोअरचंही एक आहे. १९७२ च्या दुष्काळापर्यंत आपल्याकडे पाणी म्हणजे मुख्यतः आड, विहीर, बारव, नदी. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुरू झाली. त्यानंतरच्या काळात छिद्रं वाढत गेली, खोल होत गेली. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या आपल्या गल्लीत रात्रभर घरघरलेल्या कुणी ऐकल्या नाहीत? आजोबांच्या आडाचं पाणी आणि आपल्या मोटारीचं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र आता प्रत्येकाकडे आहे, पण ते सिलिका जवळपास दाखवतच नाही, कारण विरघळलेली सिलिका वीज वाहून नेत नाही. ते यंत्र पाण्यातले क्षार वीज किती नेतात त्यावरून आकडा काढतं. त्यामुळे 'माझा टीडीएस चांगलाय, तरी थर का?' या प्रश्नात चूक यंत्राची नाही, प्रश्नाची आहे.

बरं, मग हा थर आजच का दिसतो? मासे तर आपण कायमच ठेवत आलोय. आपल्या सरहद्दीला लागून असलेलं बसवकल्याण, उमरग्याहून तासाभराचा रस्ता, ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचा भागच आहे: मासे कोणते, समुद्रातले कुठले आणि नदीतले कुठले, कुणाला काय खायला घालायचं, गळ कसा टाकायचा. राजाचा नाद तो! आणि आपल्या घरांबद्दल बोलायचं तर हौदात गप्पी मासे सोडायला येणारे आरोग्य कर्मचारी सगळ्यांना माहीत आहेत. डासांच्या अळ्या खाणारा हा मासा दक्षिण अमेरिकेकडचा. १८६६ मध्ये त्रिनिदादहून रॉबर्ट गप्पी नावाच्या माणसाने त्याचे नमुने लंडनला पाठवले, म्हणून नाव गप्पी. आम्हाला वाटायचं तो गप्पा मारतो म्हणून.

त्या हौदाच्या भिंतीवरही तपकिरी थर असणारच. रांजणाला असतो, बारवेच्या पायरीला असतो. ओढ्यातल्या दगडावर पाय घसरतो तो बुळबुळीत तपकिरी लेप बहुतेकदा डायटमचाच. पण दगडाच्या हौदात तो कुणाला खुपत नाही. वरून बघायचं, मासा दिसला की झालं. काच आली आणि तक्रार आली. काच स्वस्त झाली ती १८४५ नंतर. त्या वर्षी इंग्लंडने काचेवरचा कर रद्द केला. त्यानंतर पाचच वर्षांत काचेच्या टाकीचा जन्म झाला, आणि या टाकीची पहिली अडचण काय होती सांगू? काचेवरचा बुळबुळीत थर.

ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा निवांत सांगतो. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा लंडनचा रसायनतज्ज्ञ. औषधं बनवणाऱ्यांच्या एका जुन्या मंडळात नोकरीला. मत्स्यतज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. त्याला एक रासायनिक प्रश्न सोडवायचा होता: मासा ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती उजेडात उलटं करते, मग दोघांना एकाच बंद पाण्यात ठेवलं तर हिशेब जमेल का? पाणी न बदलता मासा जगेल का? कारण तोपर्यंत काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवायचा म्हणजे पाणी सतत बदलायचं, नाहीतर मासा मरायचा.

१८४९ मध्ये त्याने १२ गॅलनचं काचेचं भांडं घेतलं. तळाला वाळू, चिखल आणि थोडे दगड. त्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया, म्हणजे ती लांब फितीसारख्या पात्यांची पाणवनस्पती, जी आजही आपल्या दुकानात मिळते. सुरुवात छान झाली. मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर शेवाळी लेप चढला. इथे आपण काय केलं असतं? गच्ची, मीठ, ऊन. वॉरिंग्टनने पाणी ओतून दिलं नाही, कारण मग त्याचा प्रयोगच संपला असता. त्याने विचार केला की खऱ्या तळ्यात हे कोण साफ करतं? आणि पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, लेप खाल्ला. वर त्यांनी घातलेली अंडी माशांचं खाणं झाली. पाणी निवळलं. मार्च १८५० मध्ये त्याने हे सगळं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मासा, वनस्पती, गोगलगाय, तिघं मिळून पाणी टिकवतात.

तीन वर्षांनी, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी काचेच्या टाक्यांचं घर उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस याचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द रुळला. इकडे त्याच १८५३ मध्ये निजामाने काही प्रदेश इंग्रजांच्या हवाली केला, त्यात आपला नळदुर्गही गेला, आणि कादंबरीकार म्हणून नाव कमावलेला अधिकारी मेडोज टेलर तिथे कारभाराला आला. लंडनमध्ये लोक तिकीट काढून काचेतलं पाणी बघत होते तेव्हा नळदुर्गात बोरी नदीवरचा आदिलशाही बंधारा वाहतच होता. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला तो बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, बाजूचे नर-मादी धबधबे. खिडकीत बसून पडतं पाणी बघायचं. बघायची हौस तीच. फक्त इथे पाणी बाहेर आणि माणूस आत. (नळदुर्गावर वेगळा भाग करणार आहे, लिहून ठेवलंय, कृपया आता मेसेज करू नका.)

आपल्या मराठी माणसाने काचेतले मासे पहिल्यांदा बघितले ते बहुधा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात, १९५१ मध्ये उघडलेल्या. तिथून हौस घरोघर आली. टाकी आली, पंप आला, रंगीत खडे आले. वॉरिंग्टनची कल्पना मात्र वाटेत कुठेतरी सांडली. ज्या वस्तूचा शोधच 'पाणी बदलावं लागू नये' म्हणून लागला, ती वस्तू आपण दर रविवारी रिकामी करतो.

आता हिशेब करू. दुकानातली नेहमीची दोन फुटी टाकी, दोन बाय एक बाय एक, काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर. वॉरिंग्टनचं १२ गॅलनचं भांडं ५४ लिटरचं. म्हणजे आपली आणि त्याची टाकी जवळपास सारखीच! दर आठवड्याला ती पूर्ण ओतली तर वर्षाला २९०० लिटरच्या वर पाणी. आठवड्याला दहावा हिस्सा बदलला तर २९० लिटर. आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे. वर्षाला २९० लिटर, आणि तेही फेकायचं नाही. माशांच्या पाण्यात नत्र असतं, तुळशीला आणि कढीपत्त्याला घाला.

उरलेलं अर्धं उत्तर सिलिकाचं. समजा तुमच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम सिलिका आहे. पूर्ण टाकी भरली की १७०० मिलिग्रॅमच्या आसपास सिलिका आत आली. डायटम ती वापरून घरं बांधतात, हळूहळू पाण्यातली संपवतात, आणि मग त्यांची वाढ मंदावते. बऱ्याच नव्या टाक्यांत काही आठवड्यांत थर आपोआप ओसरतो तो यामुळे. जागा मग हिरव्या वनस्पती घेतात. पण तो ओसरायच्या आत तुम्ही टाकी धुतली आणि नवी ५६ लिटर भरली, तर पुन्हा १७०० मिलिग्रॅम. डायटमला विटा-सिमेंटचा नवा ट्रक. तुम्ही थर घालवत नाही, पोसताय. आमच्या कामात याला सर्व्हर रीस्टार्ट करणं म्हणतात: पाच मिनिटं बरं वाटतं, बग जिथल्या तिथे.

शिवाय नळाखाली खळाखळा धुतलेल्या फिल्टरच्या स्पंजातून आणखी एक गोष्ट वाहून जाते. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात. ते धुतले, क्लोरीनच्या पाण्याने मारले, की टाकी परत पहिल्या दिवसावर. डायटमला नवी, अजून न बसलेली टाकी फार मानवते. आणि आपण तिला कधी जुनी होऊच देत नाही.

हे सगळं वाचून 'म्हणजे काहीच करायचं नाही?' असं नाही. काचेवरचा थर जुन्या एटीएम कार्डाने किंवा मऊ फडक्याने खरवडा, तो पाण्यात मिसळला की फिल्टर ओढून घेईल. खरवडण्याचा फायदा खरा आहे: थरासोबत त्यात अडकलेली सिलिका बाहेर जाते, फक्त तो स्पंज नंतर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा. खाणं कमी घाला. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. खाली पडलेल्या दाण्यांतून नत्र आणि फॉस्फरस मिळतो, तो डायटमलाही हवा असतो. प्लास्टिकचं झाड काढा, व्हॅलिस्नेरिया लावा. खऱ्या झाडाला वाढायला पुरेसा उजेड द्या, दिवसाला सात-आठ तास. डायटमचं अंधूक उजेडातही भागतं, त्यामुळे दिवा बंद ठेवून ते उपाशी मरतील या आशेवर राहू नका, आधी झाड मरेल.

गोगलगायी? हो, पण शेततळ्यातून उचलून आणू नका. तिथल्या काही गोगलगायी जनावरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीचं पिल्लू अंगात बाळगतात. दुकानातल्या नेराइट जातीच्या घ्या, त्या काच छान चाटतात आणि गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं वाढत नाहीत. आणि दुकानदार 'सकर' देईल, तो काळा, खवल्यांचं चिलखत घातल्यासारखा मासा. घेऊ नका. दोन इंचाचा आणलेला फूटभर होतो, मग लोक तो नदी-तलावात सोडून येतात. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात असे सकर सापडल्याच्या बातम्या येऊन गेल्यात, आणि धाराशिव शहर पितं ते पाणी उजनीचंच.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांनी थर तसाच असेल, तर मग दोष तुमच्या हाताचा नाही, पाण्याचाच आहे असं समजा. तेव्हा पाणी बदलायचं नाही, पाण्याचा उगम बदलायचा. लोक लगेच आरओकडे धावतात. आरओने सिलिका बरीचशी अडते, खरं आहे, पण घरचं आरओ जेवढं गाळतं त्याहून जास्त पाणी बहुतेकदा मोरीत सोडतं. आपल्या जिल्ह्यात मला ते पटत नाही. दुसरं पाणी वरून फुकट पडतं. पावसाच्या पाण्याने अजून कातळ पाहिलेलाच नसतो, त्यामुळे त्यात सिलिका नसल्यातच जमा. जून-जुलैतला पहिला पाऊस गच्ची धुवायला सोडून द्या, नंतरचं दोन-चार कॅन स्वच्छ गाळून झाकून अंधारात ठेवा. आठवड्याच्या पाच-सहा लिटरमध्ये निम्मं हे आणि निम्मं बोअरचं घाला. निव्वळ पावसाचं मात्र नको, त्यात क्षार इतके कमी असतात की आम्लता सांभाळली जात नाही आणि माशांना सोसत नाही. सहा लिटरमधलं निम्मं म्हणजे तीन, महिन्याला बारा-तेरा लिटर. पाच-सहा कॅनमध्ये उन्हाळा निघतो.

दुकानातल्या बाटलीबद्दल माझं मत एवढंच, की जे औषध शेवाळ मारतं ते झाडांना आणि गोगलगायींनाही सोडत नाही. आणि मेलेल्या डायटमचं घर पाण्यातच राहतं. हळूहळू विरघळतं. परत सिलिका.

शेवटचं. हा थर कुणी अभ्यासला आहे का आपल्याकडे? आहे तर! एच. पी. गांधी या संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यात कोल्हापूर आणि आसपासच्या गोड्या पाण्यातले डायटम एकेक करून रेखाटले. सरोदे आणि कामत या जोडीने मराठवाड्यातल्या डायटमवर काम केलं आणि १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्याच्या डायटमवर त्यांचा ग्रंथ आला, तोही औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही डायटमवर काम चालतं. कारण पाणी कितपत स्वच्छ, कितपत बिघडलेलं, हे तिथे कुठल्या जातीचे डायटम राहतात त्यावरून कळतं. त्यांची काचेची घरं सडत नाहीत, त्यामुळे जुन्या गाळातूनही त्या वेळचं पाणी वाचता येतं.

तुम्हाला बघायचे असतील तर फोल्डस्कोप नावाचा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक मिळतो, मेरठला जन्मलेल्या मनु प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने बनवलेला, फोनच्या कॅमेऱ्याला लावता येतो. काचेवरचा तपकिरी थर काडीने थोडा घ्या, थेंबभर पाण्यात पसरवा. बारीक होड्यांसारखे आकार दिसले तर ते बहुधा नॅव्हिक्युला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच छोटी होडी. थोडा वेळ थांबलात तर त्यातली एखादी सरकताना दिसेल, ना वल्हं ना शीड.

फोटो काढलात तर पाठवा, सोबत पाणी आडाचं, बोअरचं की उजनीचं तेही लिहा. पुढच्या भागात भेटू.